हृदयाचा फोटो जरूर काढा, पण कशासाठी?

छातीत जरा कळ आली, की घरातल्या मंडळींचे लगेच दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "गॅस असेल, ओवा चावून खा." दुसरा म्हणतो, "वेळ दवडू नका, सरळ शहरात जाऊन अँजिओग्राफी करून टाका." वाचकहो, या दोन टोकांच्या मध्ये आज पुष्कळ चांगल्या तपासण्या आहेत. हृदयापर्यंत नळी न घालता डॉक्टरांना आतले दिसू शकते. त्यांची ओळख करून द्यावी आणि सोबत माझे स्पष्ट मतही सांगावे, म्हणून आजचा लेख.

माझे मत असे, की यंत्र किती नवे आहे यावरून तपासणी ठरवू नये. रुग्णाबद्दल कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, यावरून ती ठरवावी.

सुरुवात ईसीजीपासून करू. ज्याला आपल्याकडे अजूनही 'कार्डिओग्राम' म्हणतात, तो हृदयातील विजेच्या लहरींचा आलेख असतो. या यंत्रासाठी आइंटहोवेन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चालू असलेला हार्ट अटॅक ओळखायला आजही पहिली तपासणी हीच. परंतु पडून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदयाच्या रोहिण्या मोकळ्या आहेत, असे नव्हे. नळाची पाइपलाइन निम्मी चोंदली तरी एका नळाला पाणी बरे येते. सगळे नळ एकदम सोडले की ओढ कळते. हृदयाचेही तसेच आहे. म्हणून तर पट्ट्यावर चालवून टीएमटी करतात.

दुसरी तपासणी टू-डी इको. ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याची सुरुवात १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे एड्लर आणि हर्ट्झ यांनी केली. हृदयाचा पंप किती जोराने चालतो, झडपा गळतात का, हे इकोत छान दिसते. किरणोत्सर्ग नसल्याने गरोदर स्त्रीचीही ही तपासणी निर्धास्तपणे करता येते. मात्र रोहिणीतला अडथळा साध्या इकोत सहसा दिसत नाही. "इको नॉर्मल आहे, आता काळजी नाही," असे सांगत येणाऱ्यांना मला हे वारंवार समजवावे लागते.

आता सीटी अँजिओग्राफी. हाताच्या शिरेतून औषध सोडून, क्षणभर श्वास रोखायला लावून, हृदयाच्या ठोक्याशी मेळ घालत यंत्र चित्रे टिपते. नाडी जलद असेल तर आधी गोळी देऊन ती साठच्या आसपास आणतात, नाहीतर चित्र हलते. रोहिणी किती अरुंद झाली आहे, एवढेच नव्हे तर तिच्या भिंतीत चरबीचा थर साचू लागला आहे का, हेही यात दिसते.

स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ रुग्णांवर याचा अभ्यास झाला. निम्म्यांना नेहमीची तपासणी, निम्म्यांना त्यासोबत सीटी. २०१८ साली पाच वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅक यांचे प्रमाण नेहमीच्या गटात ३.९ टक्के, तर सीटीच्या गटात २.३ टक्के होते. हा फरक पडला तो चित्र पाहून ज्यांना गरज होती त्यांना योग्य गोळ्या सुरू झाल्या म्हणून, असे संशोधकांचे मत आहे. फोटो काढून पाकिटात ठेवला आणि तंबाखू चालूच राहिली, तर काय उपयोग?

युरोपातील आणखी एक अभ्यास २०२२ साली आला. नळीच्या अँजिओग्राफीसाठी पाठवलेल्या, पण प्रकृती स्थिर असलेल्या ३,५६१ रुग्णांपैकी निम्म्यांची आधी सीटी केली. पुढच्या साडेतीन वर्षांत दोन्ही गटांत मृत्यू, अटॅक व पक्षाघात यांत ठोस फरक पडला नाही. मोठी गुंतागुंत मात्र नळीच्या गटात १.९ टक्के, तर सीटीच्या गटात ०.५ टक्के एवढीच झाली. तेव्हा प्रकृती स्थिर असेल, तर "आधी सीटी चालेल का?" असे डॉक्टरांना विचारण्यात संकोच बाळगू नका.

इथवर यंत्राचे कौतुक झाले. आता माझी तक्रार.

कसलाही त्रास नसलेल्या तिशीतल्या मुलाला 'पॅकेज'मध्ये सीटी अँजिओ करून देणे मला पटत नाही. किरणोत्सर्ग होतो, औषधाचा मूत्रपिंडावर भार पडू शकतो, आणि एखादा किरकोळ डाग दिसला की घरादाराची झोप उडते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार. त्याच्या बापाला मात्र जिना चढताना छाती आवळते, थांबले की बरे वाटते. त्याची तपासणी 'ईसीजी नॉर्मल' म्हणून राहून जाते. पैसा एकाच घरातला, पण तो चुकीच्या छातीवर खर्च होतो. मधुमेही आणि स्त्रियांच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे. त्यांना कधी कधी छातीत दुखतच नाही. नुसता दम लागतो, घाम येतो, गळून जायला होते.

सीटी सर्वांसाठी नाही, हेही लक्षात ठेवा. रोहिणीत कॅल्शियम खूप साठले असेल किंवा बारीक स्टेंट असेल, तर चित्र धूसर येते. जाण्यापूर्वी क्रिॲटिनिन तपासून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या, दमा, औषधांची ॲलर्जी, गरोदरपण यांची माहिती न विचारता सांगा. जुने सर्व रिपोर्ट एका फाइलमध्ये सोबत न्या. आणि डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: "या तपासणीचा निकाल काहीही आला, तर माझ्या उपचारात काय बदलेल?" उत्तर 'काही नाही' असेल, तर पैसे खिशातच राहू द्या.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. छातीत दाब येऊन पंधरा मिनिटांत थांबला नाही, सोबत घाम, मळमळ, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल, तर सीटी सेंटर शोधत फिरू नका. १०८ ला फोन करा, जवळच्या रुग्णालयात ताबडतोब ईसीजी काढा. रुग्णाला मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. तिथे एकेक मिनिट हृदयाच्या स्नायूच्या किमतीचे असते. फोटो नंतरही काढता येईल.