संगणकाच्या नकाशात आपला मोहल्ला कुठे आहे?

कसबा, रविवार, गंज, घोरपडे, भवानी. पुण्याच्या या पेठांत आपल्या कित्येक पिढ्या नांदल्या. इथली घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत आणि मशिदीचं सहन थेट बोळात उघडतं. अशा वस्तीचं भवितव्य आता कागदापेक्षा संगणकाच्या पडद्यावर जास्त ठरू लागलं आहे.

पुण्याच्या जुन्या हद्दीचा सध्याचा विकास आराखडा २००७ ते २०२७ या काळासाठी आहे. राज्य सरकारने तो मंजूर केला जानेवारी २०१७मध्ये, म्हणजे निम्मी मुदत उलटल्यावर. पुढच्या आराखड्यासाठी आधी जमिनीचा सध्याचा वापर नोंदवला जाईल. घर, दुकान, शाळा, प्रार्थनास्थळ, कब्रस्तान अशा प्रत्येक जागेला नकाशावर एक रंग मिळेल.

बांधकाम परवानगीतही हेच आहे. महापालिकेत अनेक वर्षांपासून ‘ऑटो-डीसीआर’ ही प्रणाली आहे. आर्किटेक्टने ठरलेल्या पद्धतीने काढलेला नकाशा ती वाचते आणि प्लॉटची हद्द, सामासिक अंतर, एफएसआय मोजून नियमांशी ताडून पाहते. हे चांगलंच आहे. टेबलाखालचे व्यवहार कमी व्हायला मदत होते आणि सगळ्यांना एकच मोजपट्टी लागते.

पण एक गोष्ट विसरू नये. संगणक जागेवर येत नाही, रेषेवर विश्वास ठेवतो. पणजोबांच्या नावावर असलेली मिळकत, चार भावांत तोंडी झालेली वाटणी, सामाईक भिंत, पन्नास वर्षांचा भाडेकरू यातलं काहीच त्या रेषेत दिसत नाही. समजा, रस्ता रुंदीकरणाची रेषा सरळ ओढली. पडद्यावर ते एका क्षणाचं काम आहे, जागेवर मात्र मशिदीचा वजूखाना जाऊ शकतो.

शनिवारवाड्याचंच बघा. २०१०च्या केंद्रीय कायद्याने संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. एक घर ९८ मीटरवर आणि शेजारचं १०२ मीटरवर असेल, तर दोन्ही कुटुंबांचं नशीब वेगळं. अशा वेळी मोजणी अचूक असणं गरिबाच्याच फायद्याचं.

तंत्रज्ञान वारसा वाचवूही शकतं. पॅरिसचं नोत्र दाम चर्च एप्रिल २०१९मध्ये जळालं. आधी कधीतरी केलेली लेझर मोजणी दुरुस्तीच्या वेळी कामी आली आणि डिसेंबर २०२४मध्ये ते पुन्हा खुलं झालं. थोरला आणि धाकटा शेख सल्ला दर्गा, जुन्या मशिदी, लाकडी खांबांचे वाडे यांचीही अशी मोजणी करून ठेवायला काय हरकत आहे? आपल्या मोहल्ल्यातली आर्किटेक्चर शिकणारी मुलं-मुली यात पुढे येऊ शकतात.

वक्फ मिळकतींचा प्रश्न आणखी नाजूक आहे. केंद्राने ६ जून २०२५ रोजी सुरू केलेल्या ‘उमीद’ पोर्टलवर मिळकतीचा तपशील जिओ-टॅगिंगसह भरायचा आहे. तिथली नोंद, मिळकत पत्रिका आणि महापालिकेचा नकाशा एकमेकांशी जुळले नाहीत, तर उद्याच्या वादाचं बीज आजच पेरलं गेलं असं समजा.

म्हणून तीन कामं आत्ताच करावीत. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढून वारसांची नावं लावून घ्या. हद्दीबाबत शंका असेल तर भूमी अभिलेख विभागाकडून मोजणी करून घ्या. आणि महापालिकेकडून आपल्या मिळकतीचा विकास आराखड्यातला भागनकाशा घेऊन आरक्षण किंवा रस्त्याची रेषा कुठून जाते ते पाहा. मशीद, दर्गा आणि कब्रस्तानच्या ट्रस्टींनीही हेच करावं.

आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदतच मिळते. तेव्हा कागद शोधत बसलो तर उशीर झालेला असेल. जुम्याच्या नमाजानंतर दहा मिनिटं या विषयाला दिली, तरी सुरुवात होईल.