रविवारी तुम्ही जाता कुठं?

"सर, तुम्ही फ्रान्सला इंग्रजी शिकवायला गेला होता? पण तिथं तर फ्रेंच बोलतात ना?" हॉस्टेलवर नवी बॅच आली की हा प्रश्न ठरलेला. मित्रांनो, फ्रेंच बोलतात म्हणूनच तर इंग्रजी शिकवायला बाहेरून माणूस लागतो! तिथल्या सरकारी शाळांची ही जुनी योजना आहे. परदेशातली तरुण मुलं-मुली सहायक म्हणून बोलवायची, ऑक्टोबर ते एप्रिल असे सात महिने, आठवड्याला बारा तास. फ्रेंच शिकलेली मुलं भारतातूनही जातात, त्यांतलाच मी एक. नळदुर्गचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला.

व्याकरण, परीक्षा, मार्क हे सगळं तिथल्या शिक्षकांकडे. सहायकानं आठ-दहा पोरांचा गट घेऊन बसायचं आणि त्यांना बोलतं करायचं, बस्स. आता गंमत ऐका. फ्रेंचमध्ये 'ह'चा उच्चारच होत नाही. त्यामुळं ती पोरं हाऊसला 'आऊस' म्हणणार, हॅपीला 'आपी'. 'द'च्या जागी 'झ'. पण वर्गात कोणी कोणाला हसत नव्हतं. चुकलं तर खांदे उडवून पुढचं वाक्य. इंग्रजी ही त्यांच्यासाठी पोहण्यासारखी गोष्ट, येते किंवा अजून यायची आहे. हुशारीशी, घराण्याशी, आई-बापाच्या खिशाशी तिचा काही संबंध नाही.

आणि आपल्याकडं? 'इस्कूल' म्हटलं की मागच्या बाकावर खसखस. गेल्या सेमिस्टरला एका पोरानं ग्रुप डिस्कशनच्या दिवशी आजारी असल्याचा अर्ज दिला. मेसमध्ये दुपारी चार पोळ्या खाताना मी त्याला स्वतः पाहिलं. गणितात वर्गात पहिल्या पाचात, मराठी माध्यमाचा, घरी दोन एकर कोरडवाहू. त्याला नोकरीची गरज आहे आणि कामही येतं, फक्त तोंड उघडायची भीती वाटते. त्यावर उपाय म्हणून आपण लँग्वेज लॅब बांधली. कॉम्प्युटरसमोर हेडफोन लावून पोरं बोलायला शिकतात म्हणे! भीती माणसांची आहे, ती कॉम्प्युटरसमोर जाणार कशी?

असो. फ्रान्सचं सांगत होतो. मी होतो तूर शहराजवळच्या एका लहान गावात. रोजचं आयुष्य साधंच. सकाळी बेकरीतून लांबलचक ब्रेड आणायचा, शाळेच्या कँटीनमध्ये जेवायचं. जेवण निवांत, घाई केली तर लोक आजारी आहात का विचारतात. रविवारी दुकानं बंद, बस जवळपास नाहीच. शनिवारी पिशवी भरून ठेवली नाही तर रविवारी उपास.

पण बारा तास संपले की हातात वेळ भरपूर, आणि सत्तावीस वर्षांखालच्यांना कार्डावर रेल्वेत सवलत. मग मी सुटायचो. आंब्वाज हे गाव तिथून जवळ. लिओनार्दो दा विंची शेवटची वर्षं तिथं राहिला आणि 1519 मध्ये तिथंच वारला. त्याच्या चित्रांवरून बनवलेली यंत्रं आता तिथं मांडून ठेवली आहेत. मेकॅनिकलवाल्यांना एक दिवस पुरणार नाही. दक्षिणेला देकार्त नावाचं गाव आहे. फर्स्ट इयरला ज्याच्या एक्स-वाय अक्षांनी तुम्हाला छळलं, तोच हा देकार्त, 1596 मध्ये तिथं जन्मला. गावाचं मूळ नाव वेगळं होतं, 1967 पासून नुसतं देकार्त. (नाव बदलणं ही काही आपलीच मक्तेदारी नाही. आपला जिल्हा 2023 मध्ये धाराशिव झाला.)

सगळ्यांत जास्त वेळ मी घालवला तो शेनाँसोच्या वाड्यात. हा वाडा शेर नदीवर आहे. काठावर नव्हे, नदीवर! कमानींचा पूल बांधला आणि सोळाव्या शतकात त्यावर लांब दालन चढवलं. खालून पाणी वाहतंय, वर नाचगाणी. दुसऱ्या महायुद्धात ही नदीच जर्मनांच्या ताब्यातल्या आणि बाकीच्या फ्रान्समधली हद्द होती, म्हणजे दालनाचं एक दार या भागात आणि दुसरं त्या भागात. त्या दालनात उभा राहिलो तेव्हा मला काय आठवलं असेल? आमचा पाणीमहाल.

पुढच्या आठवड्यात वर्गात दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात 1613 मध्ये बोरी नदीवर दगडी बंधारा बांधला आणि महाल त्या बंधाऱ्याच्या पोटात ठेवला. पूर आला की पाणी नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून कोसळतं, आणि आत बसलेला माणूस कोरडा राहून समोरून पडणारं पाणी पाहतो. पोरांचे प्रश्न सुरू झाले. भिंतीतून पाणी झिरपत कसं नाही? एवढा दाब पेलतो कोण? गाळाचं काय? गटातली जी मुलगी महिनाभर "येस" आणि "नो" पलीकडं गेली नव्हती, तिनंच सगळ्यांत जास्त विचारलं, मोडक्या इंग्रजीत. विषय आवडला की भाषा मागं फरपटत येते. सिव्हिलच्या पोरांनो, हे प्रश्न तुमचे आहेत, आणि ते विचारले कोणी?

थर्ड इयरच्या वर्गात मी विचारलं, पाणीमहाल किती जणांनी पाहिलाय? थोडे हात वर आले. त्यातल्या बहुतेकांनी पाहिला तो पावसाळ्यात, धबधब्याकडं पाठ करून, मोबाईलमध्ये. नवबुरूज, उपळी बुरूज, पलीकडचं रणमंडळ, ही नावं निम्म्यांनी ऐकलेलीच नव्हती. एसटीनं तासाभराचं अंतर! आमचा खंडोबासुद्धा वर्षातून एकदा गाव बदलतो, सव्वादहा महिने अणदूरला आणि उरलेले मैलारपूरला. तुम्ही चार वर्षांत हॉस्टेलची गादी बदलत नाही.

दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मेडोज टेलर नावाचा इंग्रज नोकरीसाठी नळदुर्गला आला. 1853 च्या तहानंतर निजामानं हा मुलूख इंग्रजांकडं सोपवला, त्याचा कारभार पाहायला. माणूस फिरला, लोकांशी बोलला, चित्रं काढली, आणि 1863 मध्ये 'तारा' ही कादंबरी छापली, तिची नायिका तुळजापूरची. सत्ताधाऱ्यांचा माणूस होता, मान्य. पण परक्या गावात नोकरीला आलेल्या माणसानं रविवारचं काय करावं, हे त्याला कळलं होतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. लॅबचे दोन तास कमी करा आणि महिन्यातले दोन रविवार पोरांना नळदुर्गला पाठवा. सकाळी दोन तास पाचवी-सहावीच्या मुलांशी इंग्रजीत गप्पा, खेळ, किल्ल्याचं वर्णन. दहा वर्षांच्या पोरासमोर 'इस्कूल' म्हणायला कुणाला लाज वाटत नाही, आणि शिकवायचं म्हटलं की आपसूक तयारी होते. दुपारी किल्ला, संध्याकाळच्या एसटीनं परत.

स्टाफरूममध्ये हे बोललो तर जबाबदारी कोणाची, हा पहिला प्रश्न आला. रास्त आहे. एक शिक्षक सोबत जाईल, पहिले सहा रविवार मी जातो. दुसरा प्रश्न मुलींच्या हॉस्टेलचा. मुलांनी रात्री दहाला आलं तरी चालतं आणि मुलींना सहाच्या आत फाटकात. नळदुर्गहून शेवटच्या वर्गानंतर किल्ला पाहून सहाला पोचणं अवघड. मग मुलींना किल्ला नाही, फक्त शिकवणं? हे मला पटत नाही. रेक्टर मॅडमनी वेळ आठपर्यंत वाढवावी, असा अर्ज मी दिलाय.

नळदुर्गच्या एका मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय. रविवारी एक खोली उघडून द्यायला ते तयार आहेत. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमची पोरं दर वेळी येतील, का फोटो काढून जातील?" त्यांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. नावं माझ्या केबिनबाहेरच्या कागदावर लिहा, मग देतो.