हात कुणाचा, ते आधी बघा!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि तेही चिडून. ताईला वाटेल, मी तिच्या मुलाची वकिली करतोय. करतोयच!

परवा आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या एका मैदानावर पोरांची रग्बी बघितली. (हो, रग्बी. हसू नका. आमचा जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला १९९८ साली, आणि भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामनाही १९९८ चाच. दोघं एकाच वयाचे.) सात-सात जणांचा खेळ, सात मिनिटांचा अर्धा. भाचा चेंडू घेऊन पळत होता. समोरच्या पोराने एका हाताने त्याची कंबर धरली आणि दुसऱ्याने चेंडूवर सणसणीत फटका मारला. चेंडू पुढे उडाला, मागून धावत आलेल्या भाच्याच्याच जोडीदाराने तो उचलला, समोर मैदान मोकळं... आणि शिट्टी! नॉक-ऑन भाच्याचा, स्क्रम समोरच्यांना.

रात्री जेवताना भाचा म्हणाला, "मामा, बॉलले हात त्यानं मारला, मंग नॉक-ऑन माह्या कसा?"

नियम भाच्याच्या बाजूने आहे. जागतिक नियमावलीतला अकरावा नियम सांगतो की प्रतिस्पर्ध्याने चेंडू हिसकावला किंवा त्यावर हात मारला आणि तो धरणाऱ्याच्या हातून पुढे गेला, तर तो नॉक-ऑन नाही, खेळ चालू. टॅकल करणाऱ्याचा हात लागून चेंडू त्याच्या दृष्टीने पुढे, म्हणजे धरणाऱ्याच्या मागच्या बाजूला गेला, तर नॉक-ऑन टॅकल करणाऱ्याचा. आणि चेंडूला कुणाचा हातच लागला नाही, नुसत्या धक्क्याने तो पुढे सुटला, तर दोष धरणाऱ्याचा. म्हणजे सगळा निकाल एका हातावर! आमच्याकडे मात्र चेंडू पडला की बोट आपोआप धरणाऱ्याकडे वळतं.

"सगळं क्षणात होतं, दिसत नाही, मग स्क्रम देणं सुरक्षित," असं एक पंच मला म्हणाले. माणूस चांगला, उन्हात फुकट राबतो. पण सुरक्षित कुणासाठी हो? स्क्रम म्हणजे चेंडू समोरच्याला देणं. सात मिनिटांत एकदा गेलेला चेंडू परत मिळेल याची काय खात्री? दिसलं नसेल तर शिट्टी वाजवू नका, खेळू द्या. आणि दिसावं म्हणून धरणाऱ्याच्या पाठीमागे धावू नका, त्याच्या पाठीआड चेंडू झाकला जातो. बाजूला या.

आपल्याकडे कबड्डीत पकड झाली की सरपंचाच्या मदतीला दोन बाजूंना दोन पंच असतात, तरी वाद होतात. इथे मधे एकटा माणूस. हे मान्य. पण म्हणून एकाच बाजूला चुकत राहायचं?

मला खरी काळजी वेगळीच आहे. दुसऱ्या अर्ध्यात समोरची पोरं टॅकल करायचीच विसरली. खांदा लावणं नाही, पाय धरणं नाही, नुसते चेंडूवर फटके. का नाही मारणार? हात मारा, शिट्टी आपलीच. आणि भाचा? कुणी जवळ आलं की पळण्याआधीच चेंडू पोटाशी घेऊन खाली बसायला लागला. तीन सामन्यांपूर्वी हाच पोट्टा दोघातिघांना अंगावर घेऊन जायचा.

असो. रविवारी पुन्हा सामना आहे. मी नियमाचं पान छापून नेणार आहे, पंचांना सामन्याआधी चहा पाजून दाखवीन म्हणतो. ताई, थर्मास भरून ठेव.