स्पर्धेनेच गिळलेली स्पर्धा

मुक्त बाजारपेठेचे गुणगान करणारे आणि तिला दूषणे देणारे, दोघांनाही हवा तो पुरावा भारताच्या दूरसंचार क्षेत्रात सापडतो. दूरध्वनीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत ताटकळणे, हा सरकारी मक्तेदारीच्या काळातील सर्वसामान्यांचा अनुभव होता. ३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिला मोबाइल संवाद झाला, तेव्हा मिनिटाला सुमारे १६ रुपये मोजावे लागत आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. पुढे खासगी कंपन्या वाढल्या, २००३ मध्ये इनकमिंग मोफत झाले आणि पाहता पाहता रिक्षाचालक, भाजीविक्रेत्यांच्या हाती मोबाइल आला. सरकारी नियोजनाला न साधलेले हे काम स्पर्धेने करून दाखवले, हे मान्य करावेच लागेल.

या कहाणीचा उत्तरार्धही तितकाच बोलका आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओने प्रारंभी मोफत सेवा देत बाजारात प्रवेश केला. ग्राहकांची चंगळ झाली. मात्र तेवढा तोटा सोसण्याइतके भांडवल ज्यांच्यापाशी नव्हते, त्यांचा टिकाव लागला नाही. आधीच कर्जात बुडालेल्या एअरसेल आणि रिलायन्स कम्युनिकेशन्स दिवाळखोरीत गेल्या, टाटांचा मोबाइल व्यवसाय एअरटेलकडे गेला, तर २०१८ मध्ये व्होडाफोन व आयडिया एकत्र आल्या. जिओ बाजारात नवी असून तिचे वर्चस्व नाही, या कारणास्तव स्पर्धा आयोगाने २०१७ मध्ये तिच्याविरुद्धची तक्रार फेटाळली होती. कायद्याच्या चौकटीत तो निर्णय योग्यही असेल. परंतु एकेकाळी दहाहून अधिक कंपन्या असलेल्या या क्षेत्रात आता खासगी तीनच उरल्या आहेत.

जुलै २०२४ मध्ये या तिन्ही कंपन्यांनी एक-दोन दिवसांच्या अंतराने दर वाढवले, तेव्हा अनेक ग्राहक वळले ते सरकारी बीएसएनएलकडे. तिसरी खासगी कंपनी तगावी म्हणून सरकारने आपल्या थकबाकीचे समभागांत रूपांतर केले आणि २०२५ मध्ये व्होडाफोन आयडियातील सरकारी हिस्सा सुमारे ४९ टक्क्यांवर गेला. बाजारातील स्पर्धा टिकवण्यासाठी सरकारलाच भागीदार व्हावे लागले!

ग्राहकाचे भले केवळ मालकी खासगी असल्याने होत नाही. दुसऱ्या दुकानात जाण्याची सोय असल्याने होते. जिंकणाऱ्याला ती सोय नेहमीच नकोशी असते. म्हणूनच भांडवलशाहीला मुक्त ठेवण्यासाठीही जागरूक नियामक लागतो, आणि त्याला जाग यायला हवी ती विजेता ठरण्यापूर्वी.