‘पुढे काय वाचावे?’ : एका प्रश्नाची उपेक्षा

मराठी वाङ्मयव्यवहारात सतत विचारला जाणारा, तरीही समीक्षेने गंभीरपणे न घेतलेला असा एक प्रश्न आहे : ‘पुढे काय वाचावे?’ एका वाचकाने तो दुसऱ्याला विचारला तर समीक्षकाला ते किरकोळ संभाषण वाटते; विद्यार्थ्याने प्राध्यापकांना विचारला तर दहापंधरा नावांची यादी त्याच्या हाती ठेवली जाते. दोन्ही प्रसंगी समीक्षा आपले काम टाळते.

या प्रश्नातील निर्णायक शब्द ‘पुढे’ हा आहे. विचारणारा काहीतरी वाचून आलेला असतो आणि त्या वाचनाने त्याच्या अपेक्षांना वळण दिलेले असते. त्याला हवा असतो तो दोन संहितांमधील संबंध. यादी नेमका तोच पुसून टाकते.

‘कोसला’ (१९६३) वाचून झालेल्याला बहुधा ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’ ही नावे सांगितली जातात. लेखक तोच, म्हणून पुस्तक पुढचे, एवढाच या उत्तराचा आधार. बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रहही १९६३ सालचाच. एकीकडे खेड्यातून पुण्यात शिकायला आलेल्या तरुणाचे परात्मपण, तर दुसरीकडे जात लपवून भाड्याची खोली मिळवावी लागणाऱ्या रेल्वे कामगाराचे. हा संग्रह ‘कोसला’नंतर वाचला, की जे परात्मपण वाचकाने सार्वत्रिक मानले होते त्याची सामाजिक चौकट दिसू लागते. क्रम उलटा केला तर वेगळे प्रश्न उद्भवतील. वाचनाचा क्रम हाच अशा वेळी अर्थनिर्णयाचा भाग होतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की अभिरुची वैयक्तिक असते, त्यामुळे वाचकाने वाचकाला केलेल्या सूचनेकडून कारणांची अपेक्षा धरणे अवाजवी आहे. हा युक्तिवाद उदार वाटतो. परिणामी तो प्रस्थापित अभिरुचीलाच अभय देतो. ज्या सूचनेला कारण नाही तिचे खंडनही करता येत नाही. ती केवळ सांगणाऱ्याच्या अधिकारावर स्वीकारली जाते. भालचंद्र नेमाडे यांनी ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) यांच्या आधारे मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती मांडल्या. ती मांडणी अमान्य करता येते, कारण तिचे निकष उघड आहेत. आणि ती अमान्य करण्यासाठीसुद्धा त्या तीन कादंबऱ्या वाचाव्या लागतात. कोणत्याही शिफारशीने एवढे तरी साधले पाहिजे.

विद्यापीठीय व्यवहारात मात्र ‘काय वाचू?’ याचा अर्थ ‘परीक्षेला काय येईल?’ असा लावला जातो. नेमलेले पुस्तक, त्यावरील समीक्षाग्रंथ, पुरस्कारप्राप्त पुस्तके या वर्तुळाबाहेर उत्तर क्वचितच जाते. पदव्युत्तर विद्यार्थी पुढे स्वतः अध्यापक होतो आणि हीच यादी पुढच्या पिढीला देतो. वाङ्मयेतिहासात एखादा ग्रंथ विस्मृत होण्यासाठी त्यावर टीकाच व्हावी लागते असे नाही. त्याचे नाव कोणी कोणाला न सुचवणे पुरेसे असते.

याची झळ सर्वांना सारखी बसत नाही. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्यानंतर सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदानाची चौकट लाभली. पण ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयातील वाचकापुढे ग्रंथ थोडे आणि विचारायला माणसे त्याहून थोडी असतात. त्याच्या हाती पोचणाऱ्या शासनमान्य यादीतून कोणती पुस्तके आहेत ते कळते. कोणते कशानंतर आणि का वाचावे, हे कळत नाही. महानगरातील वाचक एक चुकीची सूचना सहज पचवतो. या वाचकाचा महिना तिच्यात जातो.

म्हणून सूचना मागणाऱ्या वाचकाला भाबडा समजण्याचे कारण नाही. आपले वाचन अपुरे आहे हे त्याने ओळखलेले असते. उत्तर देणाऱ्याने निदान तीन गोष्टी सांगाव्यात : विचारणाऱ्याने आधी वाचलेल्या कोणत्या ग्रंथाशी सुचवलेला ग्रंथ जोडला आहे, कोणत्या कारणाने, आणि कोणता पर्याय बाजूला ठेवून. एवढे सांगण्याची तयारी नसेल, तर नाव सुचवण्याचा अधिकारही सोडून द्यावा.