शेवटचा हात कुणाचा?

प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहायला घेऊ नका, असं मी वर्गात मुलांना नेहमी सांगतो. हा उपदेश मी स्वतः किती पाळतो, ते यंदाच्या उन्हाळ्यात कळलं.

सौ.च्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी क्लच दाबायला मनाई केली. म्हणून आमच्याच कॉलेजातून निवृत्त झालेल्या एका सरांची जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. मे महिन्यात रेडिएटर गळू लागला, तो एका गॅरेजात बदलून घेतला. पुढच्याच रविवारी साखळीला सासुरवाडीला गेलो. बेळगावला परत येताना चोर्ला घाटात गाडी रुसली. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतंच ओरडायचं, गाडी काही ओढ घेईना. थांबून पुन्हा 'डी'वर दांडा टाकला, तर दोन-तीन सेकंदांनी धक्का बसून गिअर पडायचा.

गॅरेजवाला म्हणाला, "गिअरबॉक्स गेला सर, खोलावा लागेल." खर्च गाडीच्या निम्म्या किमतीएवढा! त्याच तिरमिरीत मी सरांना फोन लावला. "माहीत असून गळ्यात मारलीत ना?" ते एवढंच म्हणाले, "माझ्याकडे असताना असं काही नव्हतं हो." मी फोन ठेवून दिला.

दोन दिवसांनी शेजाऱ्यांनी एका जुन्या मिस्त्रींकडे नेलं. त्यांनी स्कॅनर लावला, पण त्याआधी विचारलं, "गाडीला शेवटचा हात कुणी लावला, आणि कशाला?"

मी रेडिएटरचं सांगितलं. ते हसले. पुष्कळ ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरमधल्याच कूलरमधून फिरून थंड होतं. रेडिएटर काढताना ते पाइप सोडावे लागतात, त्यात ऑइल सांडतं. ते पुन्हा भरलं नाही की पंप हवा ओढतो. आतले क्लच घट्ट धरून ठेवतो तो याच ऑइलचा दाब. दाब कमी पडला की क्लच घसरतात, आणि चढावर ते आधी जाणवतं.

त्यांनी गाडी सपाट जागी लावली, इंजिन गरम होऊ दिलं, दांडा सगळ्या खुणांवरून फिरवून 'पी'वर आणला आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढली. ऑइल खुणेच्या बरंच खाली. रंग मात्र लाल, स्वच्छ. काळं पडून जळका वास आला असता तर क्लच जळाले समजायचं; गुलाबी, दुधाळ दिसलं असतं तर त्यात रेडिएटरचं पाणी शिरलं समजायचं. दोन्ही नव्हतं. पुस्तिकेत सांगितलेलंच ऑइल थोडं थोडं भरलं, पाइपांचे जोड पाहिले, चक्कर मारली. गाडी लोण्यासारखी चालली. (काही गाड्यांना डिपस्टिकच नसते, तपासायची रीतही निराळी असते. आधी पुस्तिका पाहावी.) "असंच महिनाभर चालवली असती, तर मात्र गिअरबॉक्स खरंच उघडावा लागला असता," मिस्त्री म्हणाले.

संध्याकाळी आम्ही दोघं सरांकडे गेलो. मी काही बोलायच्या आत ते आतून एक पाकीट घेऊन आले. "निम्मी रक्कम आहे. माझ्या हातून काही दुर्लक्ष झालं असेल, असं वाटत राहिलं." ते पाकीट परत त्यांच्या हातात ठेवताना मला धड माफीही मागता येईना.

येताना सौ.च गाडी चालवत होती. तिनं विचारलं, "रेडिएटर बदलल्याचं तुम्ही फोनवर सरांना सांगितलं होतंत?"

नव्हतं सांगितलं.