देवडीवरील खोळंबा

आमच्या वाचकांच्या घरांतील कोणी ना कोणी हल्लीं दुसऱ्याच्या कारखान्यांत, बँकेंत वा कचेरींत जाऊन काम करणारें असतेंच. आपल्या कंपनीनें विकलेलें यंत्र दुरुस्त करावयाचें, संगणकाची प्रणाली चालू करून द्यावयाची, हिशेब तपासावयाचे. घरची मंडळी पहाटे डबा भरून देते, चिरंजीव नऊच्या ठोक्यास तेथें पोंचतात, आणि अकरा वाजले तरी देवडीवरच उभे असतात!

अशा वेळीं शिपायास दोष देण्याचा प्रघात आहे. आम्हांस तो मान्य नाहीं. तेलशुद्धीच्या कारखान्यांत काड्यापेटी आणि मोबाईल बाहेर ठेवून घेतात, तें एका ठिणगीच्या भयानें. तेथें घाई करणें म्हणजे जिवाशीं खेळ. कांहीं सरकारी स्थळें शासकीय गुपितांच्या 1923 च्या कायद्यानें निषिद्धच ठरलेलीं आहेत. 1969 मध्यें सरकारी कारखान्यांच्या रक्षणासाठीं उभें केलेलें केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, 2008 सालीं मुंबईवर झालेल्या हल्ल्यानंतर, 2009 पासून खासगी संस्थांनाही शुल्क घेऊन मिळूं लागलें. असा कडेकोट पहारा असतां शिपायानें ओळखीवर कोणास आंत सोडलें, तर नोकरी त्याची जावयाची.

खरी मेख निराळीच असते. ज्या अधिकाऱ्यानें माणूस बोलाविला, त्यानें आदल्या दिवशीं देवडीवर नांव कळविलेलें नसतें, आणि ऐन वेळीं तो सभेंत बसलेला असतो. दुसरी मेख आपल्या मराठी नांवांची. गेटपासावर आडनांव आधीं, आधार कार्डावर शेवटीं. एकावर वडिलांचें नांव पूर्ण, दुसऱ्यावर नुसतें आद्याक्षर. लग्नानंतर नांव बदललेल्या भगिनींची कथा तर विचारूंच नये. पुढें लॅपटॉपचा क्रमांक वहींत उतरावयाचा, तो यंत्राच्या पाठीवरून पुसून गेलेला. मग सुरक्षेचा बोलपट पाहावयाचा. आणि पायांत सेफ्टी बूट नसतील तर सर्वच व्यर्थ.

हा वेळ कोणाच्या माथीं पडतो? महिन्याच्या पगारदारास तो फार तर कंटाळा. पण रोजावर आलेल्या विजेच्या कारागिराचा अर्धा दिवस बुडतो, आणि त्याची लहानशी कंपनी त्याचें बिल लावण्यास धजत नाहीं, कारण पुढलें काम हवें असतें. झडतीपेक्षां हा अन्याय आम्हांस अधिक बोंचतो. नांवें दोन दिवस आधीं पाठविलीं असतील, तर फाटकावर गेलेला वेळ कामाचाच धरावा, असें करारांत स्पष्ट लिहून घ्यावें. तरुण मंडळीस हें मागणें उद्धटपणाचें वाटतें. आम्हांस तें तसें वाटत नाहीं. रिक्षा दारांत उभी ठेविली तर खोटीचे पैसे पडतात, आणि ते देतांना कोणी कुरकुरत नाहीं.

तूर्त, घरांतून निघण्यापूर्वीं आंतल्या दोन माणसांचे दूरध्वनि-क्रमांक लिहून घ्यावे, एकाचा पुरत नाहीं. आणि डबा द्यावाच. देवडीबाहेर कित्येक ठिकाणीं चहाची टपरीसुद्धां नसते.